आय-थ्री की आय-फाइव्ह? आधी विहीर पाहा, मग मोटर

सोयाबीनचा चुकारा हातात आला की आमच्या दुकानात लॅपटॉपची विचारपूस सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुरुस्तीचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. दिवाळीनंतर एका सकाळी एक काका मुलीला घेऊन आले. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. काकांच्या हातात जाहिरातीचा कागद होता आणि त्यावर दोन लॅपटॉपांभोवती पेनानं गोल केलेले होते: एकात इंटेल कंपनीचा आय-थ्री प्रोसेसर, दुसऱ्यात आय-फाइव्ह.

"भाऊ, मले एकच सांग," ते म्हणाले. "हा आय-थ्री हाये आन् हा आय-फाइव्ह. मंधात बारा हजाराचा फरक. तेवढ्यात माह्या तुरीच्या साऱ्या फवारण्या होतेत. पोट्टीले याचा फायदा होईन का, का नुसते नावाचे पैसे हाये?"

मुलीनं लगेच तिची बाजू मांडली. घरी मोठ्या भावाचा लॅपटॉप आहे, पण तो सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की तोवर चहा होऊन जातो. कॉलेजची पीडीएफ उघडली तर स्क्रीन गोठते. म्हणून या वेळी घ्यायचा तर जोरदार प्रोसेसरचाच घ्यायचा. जुना लॅपटॉप त्यांनी पिशवीत आणला होता, बदल्यात काही पैसे सुटतात का ते पाहायला. मी तो बाहेर काढून फिरवून पाहिला. कीबोर्डच्या कोपऱ्यात निळं स्टिकर होतं, कडा उडालेल्या, पण अक्षरं स्पष्ट होती: कोअर आय-फाइव्ह.

ज्या गोष्टीसाठी बारा हजारांचा विचार चालला होता, ती गोष्ट सात-आठ वर्षांपासून त्यांच्या घरातच होती. आणि तीच हळू चालत होती.

मी काकांना विचारलं, "काकाजी, तुमच्या विहिरीवर किती एचपीची मोटर आहे?"

"पाच."

"साडेसातची बसवली तर पाणी दीडपट येईल?"

"कसं येईन? झरा तेवढाच हाये. उन्हाळ्यात तं पाचचीच मोटर अर्ध्या घंट्यात हवा घेते."

लॅपटॉपचंही हेच आहे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, असं शाळेपासून ऐकत आलो. मला मात्र मोटरीची उपमा जास्त पटते, कारण मोटर स्वतः पाणी तयार करत नाही. तिच्यापर्यंत जे पोचेल, ते ती उपसते. प्रोसेसरही स्वतः माहिती तयार करत नाही. डिस्कमधून (जिथे फायली कायमच्या साठवलेल्या असतात), रॅममधून (जिथे चालू कामाची माहिती तात्पुरती हाताशी ठेवतात), इंटरनेटवरून जी माहिती त्याच्यापर्यंत येते, तिच्यावर तो काम करतो. माहिती आली नाही तर तो थांबून राहतो, आणि रोजच्या कामात तो बहुतेक वेळ थांबलेलाच असतो.

जाहिरातीत ३ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके घेतो. एकेका ठोक्यात बेरीज, तुलना, इकडचा आकडा तिकडे ठेवणं अशी बारीक कामं होतात, आणि हल्लीचे प्रोसेसर एका ठोक्यात अशी अनेक कामं एकदम उरकतात. आता माझ्या दुकानात टायपिंग करणारी मुलगी धरा. तिचा हात चांगला आहे, सेकंदाला चार कळा दाबते. म्हणजे दोन कळांच्या मध्ये पाव सेकंद. तेवढ्यात प्रोसेसरचे ७५ कोटी ठोके होऊन जातात. एक अक्षर पडद्यावर उमटवायला त्यातले थोडेच लागतात, बाकीचा वेळ तो पुढच्या कळेची वाट पाहतो. त्याच्या जागी दुप्पट वेगाचा आणला तर तो दीडशे कोटी ठोके वाट पाहील. टायपिंग तितक्याच वेगानं होईल.

मग आपल्याला जे थांबावं लागतं, ते कुठे? ते समजायला एक हिशेब करू. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे एक सेकंद, असं धरा. कापूस वेचणाऱ्या बाईनं एक बोंड वेचलं, तेवढा वेळ. या मापानं रॅममधून माहिती आणायची तर साधारण पाच मिनिटं लागतात, धुऱ्यावर जाऊन पाणी पिऊन यावं तेवढी. एसएसडीमधून, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमधून, आणायची तर साडेतीन दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून आणायची तर सुमारे सतरा महिने. यंदाच्या मृगात पेरणी करताना मागितलेली गोष्ट पुढच्या वर्षीच्या दिवाळीला हातात पडते, आणि तोवर वेचणारी बाई धुऱ्यावर बसून असते.

खऱ्या वेळात हे सतरा महिने म्हणजे एका सेकंदाचा पासष्टावा-सत्तरावा हिस्सा, सुमारे १५ मिलिसेकंद. कानाला छोटं वाटतं. पण विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली इथून-तिथून वाचाव्या लागतात. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारा दांडा योग्य जागी सरकायचा, मग हवी ती जागा फिरत फिरत त्याच्याखाली यायची, तेव्हा कुठे वाचन. विखुरलेल्या फायली असतील तर सेकंदाला साठ-सत्तर वाचनांच्या पुढे ती जाऊ शकत नाही. हा यंत्राच्या हालचालीचा वेग आहे. पुढे कुठलाही प्रोसेसर लावा, चकती तेवढीच फिरणार. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा कारभार चिपमध्ये, म्हणून तीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात.

"प्रोसेसर जोरदार तर कॉम्प्युटर जोरदार" ही आपली समजूत चुकीच्या जागेवरून आलेली नाही, हेही सांगायला हवं. एके काळी ते अगदी खरं होतं. १९९३ साली पहिला पेंटियम आला तेव्हा त्याचा वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ होता. २००४ संपेपर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला. अकरा वर्षांत सुमारे सत्तावन्नपट! त्या काळात ज्यांनी कॉम्प्युटर घेतले, त्यांनी प्रत्येक नव्या मशीनमध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक अनुभवला. मग उष्णता आडवी आली. ठोके वाढवले की चिप तापते, आणि एका मर्यादेपुढे तिला थंड ठेवणं परवडेना. तेव्हापासून कंपन्यांनी वेग वाढवण्याऐवजी एका चिपमध्ये दोन, चार, सहा प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. त्यांनाच कोअर म्हणतात. वीस वर्षांनंतरही सर्वात महागड्या डेस्कटॉप चिपा ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच आहेत. आणि जास्त कोअरचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा काम वाटून देता येतं. दहा बाया लावून शेत दहापट लवकर निंदता येतं, पण एक पत्र दहा जणांनी मिळून लिहिलं म्हणून ते लवकर होत नाही.

हे सगळं बोलून दाखवण्यापेक्षा मी तो जुना लॅपटॉप सुरू केला. मुलीला म्हटलं, घड्याळ लाव. डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटं दहा सेकंद लागली आणि क्रोम उघडून पहिलं पान यायला आणखी पाऊण मिनिट. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबायला सांगितल्या. टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडते. त्यात वरच्या ओळीत चार आकडे असतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. सीपीयू म्हणजेच प्रोसेसर, आणि मेमरी म्हणजे रॅम. लॅपटॉप अडखळत असतानाच हे आकडे पाहायचे, नंतर पाहून उपयोग नाही.

तिनं मोठ्यानं वाचलं. सीपीयू ८ टक्के. मेमरी ९१ टक्के. डिस्क १०० टक्के, आणि तो रकाना लालसर झालेला.

काका पडद्याकडे वाकून पाहत होते. त्यांनीच बोट ठेवलं. "म्हंजे मोटर रिकामी फिरून रायली."

बरोबर. त्या आय-फाइव्हच्या ताकदीतला बाराव्या हिश्श्याच्या आसपास वापर होत होता. बाकीचा वेळ तो डिस्कची वाट पाहत होता. आणि डिस्कवर इतका भार का, तर रॅम फक्त ४ जीबी. विंडोजलाच त्यातली अर्ध्याहून जास्त लागते. वर अँटिव्हायरस, क्रोमच्या सहा-सात टॅब. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. घरात जागा नाही म्हणून धान्याची पोती गावाबाहेरच्या गोदामात ठेवावीत आणि रोज स्वयंपाकाला तिथून पायलीभर आणावं, तसं. पाच मिनिटांचं काम सतरा महिन्यांच्या रांगेत जाऊन उभं राहतं.

या दुखण्याला एक जुना नियम लागू पडतो. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल नावाच्या कॉम्प्युटर अभियंत्यानं तो मांडला: कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्याएवढाच. समजा, एका कामात तुम्ही १०० सेकंद थांबता. त्यातले ७० डिस्कसाठी, २० इंटरनेटसाठी आणि १० प्रोसेसरसाठी. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर १० चे ५ होतील, एकूण ९५. बारा हजार देऊन पाच सेकंद वाचले, ते कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. त्याऐवजी डिस्कचे ७० चे ५ केले तर एकूण ३५ सेकंद. काय विकत घ्यायचं, याचा निर्णय माझ्या मते या एका हिशेबावर व्हावा.

इंटरनेटचे ते २० सेकंद तर लॅपटॉपच्या हातातच नाहीत. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला पोर्टल फिरत राहतं, ओटीपी येत नाही, तेव्हा पालक माझ्या मशीनकडे संशयानं पाहतात. गर्दी तिकडच्या सर्व्हरवर असते, किंवा आमच्या टॉवरवर. पोळ्याच्या दिवशी गावात सगळी मुंबई-पुण्याची पोरं येतात तेव्हा नेट कसं चालतं ते आठवा. सातबारा काढायला, अर्ज भरायला, पैसे पाठवायला जो वेळ जातो, तो आय-थ्रीवर आणि आय-सेव्हनवर सारखाच जातो. व्हिडिओचंही तसंच. यूट्यूब पाहताना व्हिडिओ उलगडण्याचं काम हल्लीच्या चिपमध्ये एका वेगळ्या खास भागाकडे असतं, त्यामुळे साधा प्रोसेसरही लेक्चर न अडखळता दाखवतो.

"मंग हा आय-फाइव्ह कोनाले लागते?" काकांनी विचारलं.

लागतो, आणि ज्यांना लागतो त्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत. आमच्या शेजारी लग्नाचं शूटिंग करणारा फोटो स्टुडिओ आहे. तीन तासांचा व्हिडिओ जोडून, रंग सुधारून शेवटची फाइल काढायला त्यांचं मशीन रात्रभर चालतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभरला टेकलेला असतो. तिथे विहीर तुडुंब आहे, मोटरच कमी पडते. इंजिनिअरिंगला जाणारा, मोठे प्रोग्रॅम बांधणारा, ऑटोकॅडवर थ्रीडी काम करणारा, हजारो ओळींच्या एक्सेलमध्ये सूत्रं चालवणारा, यांनाही फरक दिसतो. बी.एस्सी.चं लेखन, पीडीएफ, ऑनलाइन वर्ग, थोडं पायथन शिकणं, याला आजचा आय-थ्री किंवा एएमडी या दुसऱ्या कंपनीचा रायझन ३ पुरून उरतो.

खालची बाजूही पाहायला हवी. फार स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन कोअरचे जुने सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण मिळते. ती मदरबोर्डलाच चिकटवलेली असते, नंतर बदलता येत नाही. व्हिडिओ कॉल चालू ठेवून नोट्स लिहायच्या म्हटलं की ही मशीनं दम टाकतात. इथे प्रोसेसरही कमी आणि बाकी सगळंही कमी. पोरीच्या शिक्षणासाठी असं मशीन घेऊ नका, असं मी समोर बसलेल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगतो.

आणि नावावर जाऊ नका. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इयत्तेसारखी नावं आहेत, पण वर्ष बदललं की अभ्यासक्रम बदलतो. २०१६ चा आय७-७५००यू घ्या. नाव आय-सेव्हन, कोअर दोन. २०२२ चा आय३-१२१५यू घ्या. नाव आय-थ्री, कोअर सहा, आणि तो या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. इंटेलच्या या आकड्यांत सुरुवातीचा एक किंवा दोन अंक पिढी सांगतात: ७५०० म्हणजे सातवी, १२१५ म्हणजे बारावी. शेवटचं अक्षर वीज सांगतं: यू म्हणजे कमी विजेचा, साधारण १५ वॅटचा, एच म्हणजे ४५ वॅटच्या घरातला, जोरदार पण तापणारा. एएमडीत तर अजून जपावं लागतं. रायझन ५ ७५२०यू हे नाव २०२२-२३ चं, पण आतला कोअर झेन २ नावाच्या आराखड्याचा, म्हणजे २०१९ चा. या ७००० च्या मालिकेत तिसरा अंक पाहायचा, या नावातला २ म्हणजे झेन २. २०२३ च्या शेवटी इंटेलनंही नवीन चिपांना 'कोअर अल्ट्रा' अशी नावं द्यायला सुरुवात केली. त्यामुळे नागपूरला बर्डीच्या बाजारात गेलात तर दुकानदाराला "आय-फाइव्ह दाखवा" म्हणू नका, पूर्ण नंबर विचारा.

पिढीचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची साथ सोडली. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची बहुतेक करून आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. सेकंडहँड लॅपटॉप घेताना म्हणूनच सातव्या पिढीचा आय-सेव्हन स्वस्तात मिळाला तरी मी नको म्हणतो. या मुलीच्या भावाचा आय५-८२५०यू आठव्या पिढीचा निघाला. चार कोअर. थोडक्यात वाचला.

आता विदर्भापुरती एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही. जाहिरातीत "४.४ गिगाहर्ट्झपर्यंत" असं छापतात, त्यातला "पर्यंत" नीट वाचा. तो वेग थोड्या वेळापुरता, चिप थंड असेपर्यंतच मिळतो. आतली उष्णता ९५-१०० अंशांकडे गेली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला ठोके कमी करतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, टिनाच्या खोलीत विचारूच नका. तिथे महागडा प्रोसेसर आणि साधा प्रोसेसर दोघंही मान खाली घालून चालतात. मागच्या उन्हाळ्यात एका जिनिंगच्या मुनीमजींचा लॅपटॉप आला. चांगला, महाग, पण टॅलीत एक नोंद करायला त्याला घाम फुटायचा. मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या पुढे तांब्याची नळी आणि पातळ पत्र्यांची जाळी असते. त्या जाळीवर रुईचा असा थर बसला होता की चिमट्यानं उचलला तर गादीतल्या कापसासारखा एकसंध निघून आला. हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. जाळी साफ केली, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट लावली, आणि तोच लॅपटॉप पुन्हा मालकाला ओळखू येईल असा चालू लागला. कापसाच्या, तुरीच्या हंगामात घरात धूळ असते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या, आणि गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवू नका. खालून हवा घेणारी छिद्रं बुजतात.

भारनियमनाचं गणितही इथेच येतं. ४५ वॅट-तासांची बॅटरी असेल आणि लॅपटॉप हलक्या कामात साडेसात वॅट घेत असेल तर सहा तास निघतात. एच अक्षराचा प्रोसेसर कामाला लागला की तीच बॅटरी तासाभरात संपते. संध्याकाळी लाइन गेल्यावर ज्या मुलीला अभ्यास करायचा आहे, तिला यू अक्षरवाला लॅपटॉपच बरा.

त्या दिवशी मी नवीन लॅपटॉप विकला नाही. भावाच्या लॅपटॉपमध्ये रॅमचा एक कप्पा मोकळा होता, त्यात ८ जीबीची पट्टी बसवली. हार्ड डिस्क काढून त्याच जागी ५१२ जीबीची एसएसडी लावली, सगळा डेटा आधी उतरवून घेऊन. थकलेली बॅटरी बदलली. काढलेली हार्ड डिस्क एका केसमध्ये घालून दिली, घरच्या लग्नाचे फोटो ठेवायला ती उत्तम आहे. खर्च त्या दोन लॅपटॉपांमधल्या बारा हजारांच्याही आत बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले. मुलीनं मोबाइलवर घड्याळ लावलं आणि बटण दाबलं. डेस्कटॉप एकोणीस सेकंदांत आला. तिनं कुणी न सांगता त्या तीन कळा दाबल्या आणि रकाने वाचले. सीपीयू ११, मेमरी ३४, डिस्क २.

"बाबा, प्रोसेसर तोच आहे," ती म्हणाली.

काकांनी जाहिरातीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "गावातल्या शाळेच्या कॉम्प्युटरचं बी असंच असन का रे भाऊ? ते पोट्टे अर्धा तास तं चालू होयाचीच वाट पायतेत."

येत्या रविवारी मी पाना-पेचकस घेऊन त्यांच्या गावी जाणार आहे. आधी टास्क मॅनेजर उघडून पाहीन.